कपूर साहेब काय म्हणतील?

राजकुमार हिरानी यांचा ‘थ्री इडियट्स’ हा चित्रपट डिसेंबर २००९ मध्ये आला. हरिपाठ-प्रवचनात रमणाऱ्या आपल्या वाचकांनी तो पाहिलाच नसेल असे नाही. सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर तो हमखास लागतो आणि नातवंडे हसू लागली की आपणही ओसरीवरून आत येऊन बसतो. मीही तो असाच तुकड्यातुकड्यांनी पाहिला होता. यंदा श्रावणातला सप्ताह उरकल्यावर मात्र मुद्दाम सलग पाहिला. त्याचे कारण पुढे येईल.

हा चित्रपट घोकंपट्टीवर टीका करणारा म्हणून ओळखला जातो. मला तो बापांचा चित्रपट वाटला. त्यात तीन बाप आहेत.

पहिला फरहानचा. मूल जन्मले त्याच क्षणी हा इंजिनिअर होणार, असे त्याने ठरवून टाकले. माणूस वाईट नाही. घरात एकच एसी घेण्याची ऐपत, तो त्याने मुलाच्या खोलीत बसवला. मुलगा इंजिनिअरिंग सोडून छायाचित्रे काढायची म्हणतो, तेव्हा बोलता बोलता बापाच्या तोंडी ओळखीच्या कपूर साहेबांचे नाव येते. ते काय म्हणतील? मुलगा त्यावर सांगतो, माझ्या खोलीत एसी कपूर साहेबांनी बसवला नाही, लहानपणी खांद्यावर बसवून प्राणिसंग्रहालय त्यांनी दाखवले नाही. ते तुम्ही केलेत, तेव्हा तुम्हाला काय वाटते तेवढेच मी मानतो. साऱ्या चित्रपटात इतके खरे दुसरे काही नाही.

दुसरा बाप म्हणजे खुद्द कॉलेजचे प्रमुख सहस्रबुद्धे. आपल्याच कॉलेजात मुलाने यावे म्हणून त्यांनी त्याला पुन्हा पुन्हा प्रवेशपरीक्षेला बसवले. मुलाला साहित्य शिकायचे होते. त्याने जीव दिला, आणि बाप त्याला अपघात समजत राहिला.

तिसरा बाप शिमल्याचा धनिक. त्याने सरळच मार्ग काढला. घरी कामाला असलेल्या अनाथ पोराला आपल्या मुलाच्या नावाने शिकायला पाठवले आणि मिळालेली पदवी भिंतीला टांगली. विद्या एकाची, नाव दुसऱ्याचे, मान तिसऱ्याचा! दिग्दर्शकाने ही गोष्ट कथेतला उलगडा म्हणून वापरली आणि तो पुढे निघून गेला. मला वाटते, चित्रपटाचा गाभा तिथेच होता. आलेल्या-गेलेल्याला भिंतीवरचा कागद दिसावा, एवढ्यासाठीच ज्याला कॉलेज हवे, तो बाप काही फक्त शिमल्यात राहत नाही.

पुत्रेषणा, वित्तेषणा आणि लोकेषणा या तिन्हींचे निरूपण आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. पुत्राची आणि वित्ताची ओढ निदान उघड असते. लोकेषणा मात्र पुत्रप्रेमाचे वस्त्र नेसून येते आणि बापाला स्वतःलाही ओळखू येत नाही. ‘पोराच्या भल्यासाठीच करतोय’ असे तो म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. फक्त अर्धेच बोलत असतो.

इतके ओळखणारा हा चित्रपट शेवटी घसरतो. चतुर नावाचा वर्गमित्र दहा वर्षांनी आपला बंगला, पोहण्याचा तलाव, मोटार यांचे प्रदर्शन मांडायला येतो. रँचो तर लडाखमध्ये शाळा चालवतो आहे. इथेच थांबायला हवे होते. पण प्रेक्षक नाराज होईल या भीतीने म्हणा, रँचो हाच चारशे पेटंटांचा धनी निघतो आणि चतुर त्याच्यापुढे वाकतो. सारे टाळ्या वाजवतात. स्पर्धा चुकीची होती म्हणून या टाळ्या पडतात का? आपला माणूस ती जिंकला, म्हणून पडतात. तो नुसताच शाळामास्तर निघाला असता तर किती टाळ्या पडल्या असत्या? कपूर साहेबांना गप्प करायला चित्रपटानेही कपूर साहेबांचाच तराजू वापरला.

बाहेर काय चालले आहे ते सर्वांना ठाऊक आहे. २०२४ साली जेईई मेनला चौदा लाखांहून अधिक मुले बसली. तेवीस आयआयटींत मिळून जागा होत्या १७,७४०. म्हणजे बहुतेकांना मिळणार नाही, हे गणित पहिल्या दिवसापासून मांडलेले आहे. तरी लग्नाच्या पंगतीत ‘पर्सेंटाइल किती?’ हा प्रश्न जिलबीच्या आधी येतो. ज्याला जागा मिळाली त्याचीही सुटका नाही. आयआयटी जुनी की नवी? कम्प्युटर मिळाले की सिव्हिल? कोटा आणि लातूरच्या क्लासांचे फलक चौकाचौकात, आणि त्या शेजारी आप्तेष्टांनी लावलेले अभिनंदनाचे फ्लेक्स. त्यावर मुलाचा फोटो लहान आणि शुभेच्छुकांचे फोटो मोठे, हेही आपण पाहतो.

आता माझे कारण. आमच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाआधी गुणवंतांचा सत्कार होतो. यंदा यादी वाचायला माइक माझ्या हाती होता. मोठ्या कॉलेजात लागलेल्यांची नावे मी कॉलेजच्या नावासकट, आवाज चढवून वाचली. शाल, नारळ, टाळ्या. सात रात्री ज्याने पखवाज वाजवला तो मुलगा माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता. त्याचे नाव यादीत नव्हते. दोन वर्षे क्लास करूनही त्याचे झाले नव्हते. तो खाली मान घालून वादी ताणत राहिला. त्याचे वडील मंडपाच्या कडेला होते. काल्याची लाही हातात पडण्याआधीच ते निघाले. दुसऱ्या दिवशी भेटले तेव्हा नेहमीप्रमाणे माझ्या पाया पडले, मी त्यांच्या पडलो. ‘आमच्याचं कुठं झालं ते आता विचारू नका, माउली,’ एवढेच म्हणाले.

वारीत कोणी कोणाचे शिक्षण विचारीत नाही, याचा मी व्यासपीठावरून अनेकदा अभिमानाने उल्लेख केला आहे. त्या मंडपात मात्र कपूर साहेब मीच होतो, आणि लाउडस्पीकर लावून.

पुढच्या सप्ताहाची बैठक चैत्रात आहे. सत्काराची यादी वाचू नये, असे मी तिथे सुचवणार आहे. मोठ्या देणगीदारांपैकी दोघांचे मुलगे यंदा बारावीला आहेत, त्यामुळे ते सहज मान्य होईल असे दिसत नाही.