विश्वविद्यालयीन ग्रंथालयें व हस्तलिखितांच्या सूची

मुंबई विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयासाठीं शेट प्रेमचंद रायचंद यांनीं दोन लक्ष रुपये दिले, आणि मातोश्री राजाबाई यांच्या स्मरणार्थ मनोरा उभारण्यास आणखी दोन लक्ष दिले. इमारत सन १८७८ मध्यें पुरी झाली. मनोरा सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या ग्रंथालयाच्या संग्रहीं संस्कृत, प्राकृत, फारसी व अरबी हस्तलिखितें आहेत हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस तें बहुधा छापील सूचींवरूनच कळलेलें असतें. शेख अब्दुल कादिर सर्फराज यांची अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची सूची १९३५ सालची, प्रा. गो. वि. देवस्थळी यांची भगवतसिंहजी व भडकमकर संग्रहांची सूची १९४४ सालची. पुढें १९५३ मध्यें प्रा. ह. दा. वेलणकर यांनीं इच्छाराम सूर्यराम देसाई यांच्या संग्रहाची सूची केली.

हल्लीं विश्वविद्यालयीन ग्रंथालयांच्या सुधारणेची चर्चा निघाली म्हणजे अशा सूचींचें नांव सहसा ऐकूं येत नाहीं. संगणक, छायाचित्रण व परदेशीं निघणाऱ्या नियतकालिकांची वर्गणी, एवढ्यांतच ती चर्चा फिरते. यांपैकीं वर्गणीसंबंधीं एकच गोष्ट नमूद करतों. केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२४ मध्यें ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली व २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठीं सहा हजार कोटि रुपये ठरविले. लहान गांवच्या महाविद्यालयासही त्यामुळें तीस प्रकाशकांचीं सुमारें तेरा हजार नियतकालिकें वाचावयास मिळतात, हा लाभ थोडा नव्हे. पण वर्गणी भरून मिळतो तो वाचण्याचा हक्क. जुना अंक कपाटांत राहात असे तसें कांहीं आपल्या पदरीं राहीलच असें नाहीं. असो.

आमचें खरें भांडण छायाचित्रणाशीं आहे, आणि तेंही छायाचित्रणाशीं नव्हे, तर त्यालाच सूची समजण्याशीं आहे. छायाचित्रांची आवश्यकता आम्हांस मान्य आहे. ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत काय झालें हें ज्यांनीं पाहिलें, ते पोथीची दुसरी प्रत असूं नये असें कधींही म्हणणार नाहींत. शिवाय प्रत्येक जिज्ञासूनें जीर्ण पानें चाळण्यापेक्षां त्यांचें चित्र पाहणें केव्हांही बरें. परंतु चित्र कशाचें आहे हें कोणीतरी पोथी वाचून सांगावें लागतें.

चांगल्या सूचीकारानें एका पोथीची नोंद केली म्हणजे पानें किती, पृष्ठावर ओळी किती, ओळींत अक्षरें किती, आरंभ कोणता, शेवट कोणता, पुष्पिकेंत लेखकाचें व लिहविणाऱ्याचें नांव काय, तिथि बरोबर जुळते कीं ती मूळ प्रतींतून तशीच उतरली आहे, हें सर्व आपणांस घरबसल्या कळतें. कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं कितीएक ग्रंथकारांचे काल अशाच पुष्पिकांवरून व सूचींतील नोंदींवरून ठरविले. सूचीच नसती तर ती पोथी मागवावी हें त्यांस सुचलें असतें कशावरून?

आतां छायाचित्रांच्या याद्या पाहाव्या. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेच्या आश्रयानें भारतीय अंकीय ग्रंथालय चाललें होतें. त्यांतील मराठी ग्रंथांचीं नांवें रोमन वर्णांत, मधून मधून स्वल्पचिन्हें घालून अशीं नोंदलेलीं असत कीं ओळखीचा ग्रंथही चार चार प्रकारांनीं शोधावा लागे. कोठें पान गळलेलें, कोठें मुखपृष्ठ एकाचें व पोट दुसऱ्याचें. तें संकेतस्थळ पुढें बंद पडलें, आणि बरेच ग्रंथ परकी संस्थेनें उतरून ठेवले होते म्हणून वांचले. छापील ग्रंथांची ही कथा. त्यांस निदान मुखपृष्ठ तरी असतें. पोथीचें नांव शेवटच्या पानावर असतें, मालकाचें नांव पहिल्या पानाच्या कोऱ्या अंगावर असतें, आणि छायाचित्रकार तें अंग ‘कोरें’ म्हणून सोडून देतो.

एक अनुभव सांगतों. एका विश्वविद्यालयाच्या नव्या यादींत एका पोथीचा लेखनकाल ‘१६९०’ असा दिलेला आम्हांस आढळला. इसवी सन १६९० म्हणजे राजाराम महाराज जिंजीस असतांचा काल. त्या धामधुमींत लिहिलेली पोथी म्हणून आम्हीं ती मोठ्या आशेनें पाहावयास मागितली. पुष्पिकेंत स्पष्ट ‘शके १६९० सर्वधारी नाम संवत्सरे’ असें होतें. म्हणजे इसवी सन १७६८–६९, थोरल्या माधवरावांची कारकीर्द. नोंद करणाराचा दोष म्हणावा, तर तो बिचारा ग्रंथालयशास्त्राचा पदवीधर. रंगनाथन् यांनीं १९३१ मध्यें आपले पांच नियम प्रसिद्ध केले व १९३३ मध्यें वर्गीकरणाची पद्धति दिली. ती विद्या मोठी खरी, पण ती मुख्यतः छापील ग्रंथांच्या व्यवहारासाठीं शिकविली जाते. पोथी वाचणें ही निराळी विद्या आहे, आणि ती येणाऱ्यास बहुतेक विश्वविद्यालयांत जागाच नाहीं. यंत्रासाठीं अनुदान मिळतें. मोडी व जुनें बाळबोध वाचणाऱ्या एका माणसाच्या कायम वेतनासाठीं मिळत नाहीं.

सन १९४४ च्या सूचीचा कागद पिवळा पडला असला तरी ती आजही उघडतां येते. याउलट ऑक्टोबर २०२३ मध्यें लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर संगणकी हल्ला झाला तेव्हां तेथील मुख्य सूचीच जानेवारी २०२४ पर्यंत वाचकांस दिसेनाशी झाली होती, आणि छायाचित्रित हस्तलिखितें तर त्यानंतरही दीर्घकाळ उपलब्ध नव्हतीं. त्या वेळीं जुन्या छापील सूचींवर काम भागविणारे अभ्यासक आमच्या परिचयाचे आहेत.

तेव्हां आमचें मागणें थोडकें आहे. प्रत्येक विश्वविद्यालयानें छायाचित्रणाच्या खर्चांतच सूचीकाराचें वेतन धरावें. त्यानें पोथी वाचून नोंद केल्यावांचून चित्र यादींत चढूं नये. आणि सूचीच्या शंभर प्रती तरी कागदावर छापाव्या. वर सांगितलेल्या पोथीची चूक आम्हीं त्या ग्रंथालयास लेखी कळविली. पोंच आली. यादींत अद्याप १६९० च आहे.