कऱ्हाकाठची राख आणि तिची आकाशांतून घेतलेली नक्कल

माळेगाव बुद्रुक ज्या बारामती तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांत मोरगाव येथें कऱ्हेच्या गाळांत ज्वालामुखीच्या राखेचा थर व अश्मयुगीन हत्यारें सांपडलेलीं आहेत. अशीं स्थळें ड्रोन या मानवरहित विमानानें टिपून ठेवावीं, असें हल्लीं सुचविण्यांत येतें. या साधनाची किंमत आम्ही पोथीच्या नकलेस लावावयाच्या कसोटीनेंच ठरवूं इच्छितों.

गुण प्रथम सांगतों. एकमेकांवर अंशतः येणाऱ्या शेंकडों छायाचित्रांवरून नदीकाठाचा मापबद्ध त्रिमिति आराखडा तयार होतो. वर्षानुवर्षें असे आराखडे ताडून पाहिल्यास पुरानें, वाळूच्या उपशानें वा शेतांच्या सपाटीकरणानें काय गेलें, तें मोजतां येतें. याच कऱ्हेच्या खोऱ्यांत, पुरंदर तालुक्यांतील सोनोरी येथें, गावठाणाची मोजणी ड्रोननें झालेलीच आहे. कोंकणांतील मोठ्या कातळशिल्पांची सबंध आकृतीही वरूनच नीट उमगते.

परंतु कातळाचा सडा निराळा व दरडीचा छेद निराळा. २०२१ च्या नियमांनुसार हिरव्या क्षेत्रांत पूर्वपरवानगीवांचून सुमारें १२० मीटर उंचीपर्यंत उड्डाण करतां येतें. त्या उंचीवरून सामान्य कॅमेऱ्याच्या चित्रांतील एक ठिपका जमिनीवरील सुमारें ३ सेंटिमीटर व्यापतो. आणि सरळ खालीं रोखलेल्या कॅमेऱ्यास उभी दरड जवळजवळ दिसतच नाहीं.

खरा वाद तर थराच्या वयाचा आहे. जुन्नर तालुक्यांत कुकडीकाठीं बोरी येथें मिळालेल्या अशाच राखेचें वय १९८९ मध्यें सुमारें १४ लक्ष वर्षें सांगण्यांत आलें. १९९३ मध्यें ती सुमात्रांतील तोबा ज्वालामुखीच्या सुमारें ७५ हजार वर्षांपूर्वींच्या स्फोटाची ठरविण्यांत आली. तर १९९५ मध्यें सुमारें ६ लक्ष ७० हजारांचा आंकडा पुढें आला. हत्यारांचा काळ या निर्णयावर अवलंबून. राख मूळ जागींच पडली कीं पाण्यानें मागाहून वाहून आणली, हें दरडीपाशीं उभें राहून व नमुना हातीं घेऊनच पाहिलें पाहिजे.

ज्या नकलेस पुष्पिका नाहीं, तिच्यावर आपण बेतानेंच विश्वास ठेवतों. तोच नियम येथें लावावा. उड्डाणाचा दिनांक, वेळ व उंची, कॅमेऱ्याचा प्रकार आणि जमिनीवरील नियंत्रणबिंदु नोंदल्यावांचून, तसेंच मूळ छायाचित्रें राखल्यावांचून, कोणताही आराखडा प्रमाण मानूं नये. दरडीसमोरून जवळचीं चित्रें घ्यावीं, आणि नमुना जेथून काढला ती जागा आराखड्यावर दाखवावी. एवढें साधल्यास हें साधन अवश्य वापरावें, असें आमचें मत आहे. मात्र त्याच्या भरंवशावर दरड ढांसळूं देणें म्हणजे नक्कल झाली म्हणून मूळ पोथी वाळवीस देण्यासारखें होय. वयाचा वाद उद्यां पुन्हां उठला, तर त्या नकलेंतून राखेचा एक कणही तपासावयास मिळणार नाहीं.