बर्फावरच्या वीस फेऱ्या, आमचा शंकरपट आणि माझे वाया गेलेले चार महिने

दवनीवाड्याकडे धान निघालं की बांध्या मोकळ्या होतात आणि शंकरपटाच्या गोष्टी सुरू होतात. लहानपणी मोठेबाबांसोबत पट पाहायला जायची. जोडी सुटली की धुरकरी छकड्यावर कसा टिकून राहतो हेच मी बघत बसायची. मोठेबाबांचं लक्ष मात्र मातीकडे. सकाळी पळालेल्या जोडीचे सेकंद आणि दुपारी पळालेल्या जोडीचे सेकंद एकाच कागदावर लिहून नंबर काढले की ते चिडायचे. "सकाळची माती अन् दुपारची माती एक आहे का?" दिवसभर खुरांनी उकरून उकरून माती भुसभुशीत होते. मग शेवटच्या जोडीला काहून शिक्षा?

हा प्रश्न मी विसरले होते. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी तो परत आठवला, तोही बर्फावरच्या मोटरसायकल शर्यती पाहताना.

या शर्यतींची जागतिक स्पर्धा १९६६ पासून चालू आहे. ५०० सीसीची एका सिलिंडरची गाडी, ब्रेक नाहीत, टायरमध्ये सुमारे २८ मिलिमीटरचे लोखंडी खिळे. वळणावर गाडी डावीकडे इतकी झुकते की हँडल बर्फाला टेकेल असं वाटतं. एका फेरीत चार स्वार आणि चार चकरा. पहिल्याला ३ गुण, मग २, १ आणि शेवटच्याला ०. खिळे बर्फ खरवडतात, चाकोऱ्या पडतात, चुरा उडतो. म्हणजे ट्रॅक प्रत्येक फेरीनंतर बदलतो. आमच्या मातीपेक्षाही भराभर.

तरी तिथे मोठेबाबांना चिडायला फारशी जागा नसती. याचं कारण त्यांच्या वेळापत्रकात आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी शर्यतीआधी हे वेळापत्रकच बघावं, असं माझं मत आहे.

स्वार १६, फेऱ्या २०. प्रत्येक जण पाच वेळा पळतो आणि दर वेळी त्याच्यासमोर तिघे असतात. पाच त्रिक पंधरा, म्हणजे उरलेल्या पंधराही जणांशी त्याची गाठ बरोबर एकदाच पडते. ना कमी, ना जास्त. शिवाय २० फेऱ्यांचे चार-चारचे पाच गट असतात आणि प्रत्येक गटात सोळाही जण एकेकदा पळून घेतात. त्यामुळे बर्फ जसजसा बिघडतो तसतसा तो सगळ्यांनाच वाट्याला येतो. कागद-पेन घेऊन १६ जणांची अशी यादी स्वतः करून बघा. एक संध्याकाळ जाईल.

संख्याशास्त्रात याला संतुलित अपूर्ण गट रचना म्हणतात. फ्रँक येट्स यांनी ती १९३६ मध्ये शेतीच्या प्रयोगांसाठी मांडली. १९३९ मध्ये अशा रचना तयार करण्याच्या गणिती पद्धतींवरचा गाजलेला लेख कोलकात्यात काम करणाऱ्या राज चंद्र बोस यांनी लिहिला. कृषी विद्यापीठात शिकलेल्या कुणालाही पानसे-सुखात्मे हे जोडनाव माहीत असतं. १९५४ पासून त्यांच्या पुस्तकावर आपल्याकडच्या पिढ्यांनी प्रयोगांची आखणी शिकली. मी भौतिकशास्त्राची, म्हणून ते उघडलंच नाही. आमच्याकडे असा समज असतो की मीटर चांगला असला की झालं.

त्या समजाचे चार महिने मी भरले. झिंक ऑक्साइडचे १६ वेगवेगळ्या मिश्रणांचे नमुने होते आणि कक्षात एका वेळी चारच मावायचे. मी सरळ १ ते ४ सकाळी, ५ ते ८ दुपारी, बाकीचे दुसऱ्या दिवशी, असे क्रमाने रोध मोजत गेले. पावसाळ्याचे दिवस होते. आलेख सुंदर आला. भेसळ वाढली की रोध बदलतो, एकदम सरळ रेषेत! नंतर हवेतल्या दमटपणाच्या नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा तीच रेषा तिथेही दिसली. मी मिश्रण मोजलं की पाऊस, हे त्या आकड्यांवरून आजही सांगता येत नाही. सगळं टाकून दिलं.

१६ नमुने, चार जागा. शर्यतीचं पत्रक मी तसंच्या तसं उचललं: २० सत्रं, प्रत्येक नमुना पाच वेळा, एकूण ८० मोजमापं.

आता टीका. कारण ही स्पर्धा मी आरती ओवाळण्यासाठी पाहिली नाही.

पहिली गोष्ट, गुण फक्त क्रमाचे आहेत. चाकभर पुढे असा की अर्धी चकर पुढे, ३ च मिळतात. बर्फाचा परिणाम काढून टाकण्याची ही किंमत आहे, आणि ती जरा जास्तच वाटते. प्रयोगशाळेत ती मोजायची गरज नाही. आकडा ठेवायचा, फक्त त्याची तुलना त्याच सत्रातल्या सोबत्यांशी करायची. दुसरी, सुरुवातीच्या जागा चार आणि पळायचं पाच वेळा, म्हणजे प्रत्येकाला एक जागा दोनदा मिळणारच. आतली दोनदा मिळाली की बाहेरची, यात नशीब येतं. हे मला चालतं, निदान ते उघड आहे.

तिसरी गोष्ट मात्र गंभीर आहे, आणि ती हंगामाची आहे. एका दिवसाची रचना इतकी नेटकी, पण हंगामभराचे गुण नुसते बेरजेने जोडले जातात. जर्मनीतल्या इन्झेलचा बर्फ आणि नेदरलँड्समधल्या हेरेनवेनचा बर्फ एकाच रकान्यात जातो. त्याहून मोठं म्हणजे, गुण समोर कोण आहे यावर ठरतात. रशियाच्या निकोलाय क्रास्निकोव्हने २००५ ते २०१२ अशी सलग आठ विजेतेपदं जिंकली, तेव्हा बलाढ्य रशियन स्वार त्याच्यासमोर असायचे. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियन स्वारांना बाहेर ठेवलं गेलं. तो निर्णय योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. मोजमापाच्या दृष्टीने एवढंच की त्यानंतरचे ३ गुण आधीच्या ३ गुणांशी तुलना करायला उपयोगाचे राहिले नाहीत. तरी विजेत्यांची यादी एकाखाली एक छापली जाते, जणू सगळे एकाच फूटपट्टीने मोजले.

इथे आमचा पट उलट बाजूने अडकतो. सेकंद समोरच्या जोडीवर ठरत नाहीत, पण मातीवर ठरतात. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता बंदीआधीच्या जोड्या भारी की आत्ताच्या, यावर पारावर रात्र रात्र वाद होतात. बैल वेगळे, बांधी वेगळी, घड्याळही वेगळं. दोन जोड्या शेजारी सोडल्या तर निदान त्या दोघींपुरता निकाल खरा असतो. पण २०१३ ची जोडी आजच्या जोडीशेजारी कोण उभी करणार?

मोटारींच्या बर्फावरच्या हंगामातही असंच घडलंय. फ्रान्सची आंद्रोस ट्रॉफी १९९० मध्ये सुरू झाली, २०१९-२० पासून पूर्ण विजेवर गेली आणि २०२३-२४ च्या हंगामानंतर थांबली. फॉर्म्युला वनचा अॅलन प्रोस्ट ती तीनदा जिंकला, पण तो इंधनाच्या गाड्यांचा काळ होता.

माझ्या ८० मोजमापांपैकी सध्या ७८ हातात आहेत. ११ क्रमांकाच्या नमुन्याला तिसऱ्या मोजमापानंतर तडा गेला. शर्यतीत स्वार पडला की राखीव स्वार आणतात आणि संतुलन गुपचूप मोडतं. मी नवीन नमुना घालणार नाही. दोन जागा रिकाम्याच ठेवून गणित कसं करायचं ते या आठवड्यात शिकतेय. जमलं की पुढच्या लेखात आकड्यांसकट दाखवते.