‘पुतळी’ : एका नाणेवाचक शब्दाच्या उपपत्तीची चिकित्सा

पुतळ्यांची माळ हा दागिना महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. तिच्यातील वाटोळ्या, चपट्या चकत्यांवर आज बहुधा लक्ष्मीची प्रतिमा असते. त्यावरून ‘लक्ष्मीची पुतळी ती पुतळी’ अशी उपपत्ती सांगितली जाते. कालक्रमाच्या कसोटीवर ती टिकत नाही.

नाणे या अर्थी पुतळी म्हणजे व्हेनिसचे डुकाट. इ. स. १२८४ मध्ये डोजे (म्हणजे निर्वाचित अधिपती) जोव्हानी दांदोलो याच्या कारकीर्दीत हे नाणे प्रथम पाडले गेले. १७९७ मध्ये ते गणराज्य लयास जाईपर्यंत त्याचे सुमारे ३.५ ग्रॅम वजन, उत्तम कस व चित्र ही जवळजवळ तशीच राहिली. एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोजे व मध्ये ध्वजदंड. दुसऱ्या बाजूस तारकांकित वलयात उभा ख्रिस्त. लक्ष्मी येथे कोठेच नाही.

दुसरा ग्रह पोर्तुगीज उगमाचा. आज मीरा-भाईंदरच्या हद्दीत असलेले घोडबंदर १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. त्यामुळे पाश्चात्त्य नाणे पाहताच त्यांचे स्मरण व्हावे हे स्वाभाविक आहे. परंतु वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचण्यापूर्वी दोन शतके डुकाट पाडले जात होते, आणि मसाल्याच्या व्यापारात ते तांबड्या समुद्राच्या मार्गाने पूर्वेकडे येत असे.

मग हे नाव कशावरून पडले? अरबी व्यापारक्षेत्रात याच नाण्यास ‘मुशख्खस’, म्हणजे ‘व्यक्तीची आकृती असलेले’, म्हणत. मराठी नावामागील दृष्टी तीच दिसते. नाणे दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकले जाई. ठसा किंचित सरकला की कडेची लॅटिन अक्षरे तुटत, मधली आकृती मात्र राही. शिवाय ती लिपी येथील सराफास अपरिचितच होती.

यावर एक आक्षेप संभवतो. विजयनगरच्या होनांवरही देवमूर्ती होत्या. त्यांस पुतळी का म्हटले नाही? उत्तर असे की, ‘होन’ हे नाव धातूवरून, कन्नड ‘होन्नु’ म्हणजे सोने यावरून, आधीच रूढ होते. ‘मोहोर’ हे फारसीतून, मुद्रेवरून आले. परक्या नाण्याचे नाव मात्र येथे कोणास ठाऊक नव्हते; जे डोळ्यांस दिसले तेच त्याचे नाव झाले. डुकाटचे दुसरे इटालियन नाव ‘झेक्किनो’ हे ‘झेक्का’ म्हणजे टांकसाळ यावरून, आणि ‘झेक्का’ अरबी ‘सिक्का’वरून आला आहे. मराठीत सिक्का हा शब्द असूनही या नाण्यास त्या कुळातले नाव मिळाले नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पुढे भारतातच डुकाटची अनुकरणे निघाली. त्यांतील अक्षरे केवळ रेघोट्या झाल्या आणि आकृतींत राम-सीता दिसू लागली. लक्ष्मीची प्रतिमा ही याच परिवर्तनातील पुढची पायरी होय. नाव टिकले, चित्र बदलले; आणि मग बदललेल्या चित्रावरून नावाचा अर्थ लावला गेला.

हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा नाही. जुन्या हिशेबांत ‘पुतळ्या’ आढळल्या असता त्यांचा अर्थ मूर्ती किंवा केवळ दागिना असा केल्यास चलनाचा एक पुरावाच वाचनातून नाहीसा होतो. अशा स्थळी संख्या, वजन व दर यांचा संदर्भ पाहिल्यावाचून अर्थनिर्णय करू नये.