उपदेशाची पूर्वतयारी : ऑगस्टीनचा विचार

ख्रिस्ती उपदेश हा प्रकार मराठी समीक्षेने सहसा धर्मशास्त्राच्या स्वाधीन करून टाकला आहे. वस्तुतः त्यात साहित्यविचाराचा एक मूलभूत प्रश्न गुंतलेला आहे. कविता वा निबंध पूर्ण झाल्यावर वाचकाच्या हाती पडतो. उपदेश मात्र श्रोत्यांच्या समोर, त्यांच्या सान्निध्यातच पूर्ण व्हावयाचा असतो. मग त्याची पूर्वतयारी करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे? आधारभूत शास्त्रवचनाचा अर्थ लावावयाचा, वाक्ये रचून ती पाठ करावयाची, की याहून निराळे काही? हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने 'ख्रिस्ती शिकवणुकीविषयी' या लॅटिन ग्रंथाच्या चौथ्या भागात या प्रश्नाचा जो ऊहापोह केला आहे, तो आजही शिळा झालेला नाही.

हा ग्रंथ इ. स. ३९६ च्या सुमारास सुरू झाला, मध्येच थांबला आणि सुमारे तीस वर्षांनी पुरा झाला. पहिले तीन भाग शास्त्राचा अर्थ कसा शोधावा याविषयी आहेत. शोधलेला अर्थ कसा सांगावा याविषयी केवळ चौथा आहे. ही विभागणीच बोलकी आहे. बोलण्याच्या तिप्पट श्रम समजून घेण्यात खर्चावेत, हा जणू त्याचा पहिला दंडक होय. विशेष असे की, हे सांगणारा मनुष्य वक्तृत्वशास्त्राचा धंदेवाईक शिक्षक होता. ३८४ मध्ये मिलान येथे तो त्या पदावर गेला, तेव्हा बिशप अँब्रोझचे उपदेश तो ऐकावयास जाई तो केवळ भाषाशैलीच्या ओढीने. आशय मागाहून, नकळत मनात उतरला. शैलीचे सामर्थ्य त्याने असे स्वतः अनुभवले होते. तरीही चौथ्या भागाच्या आरंभीच तो बजावतो की, विद्यालयांत आपण शिकविलेले अलंकारशास्त्राचे नियम येथे कोणी शोधू नयेत.

सिसेरोची त्रयी मात्र तो टाकून देत नाही. शिकविणे, रिझविणे आणि हलविणे ही वक्त्याची तीन कार्ये. त्यांना अनुरूप साधी, मध्यम आणि उदात्त अशा तीन शैली. सिसेरो शैलीची सांगड विषयाच्या लहानमोठेपणाशी घालतो. ऑगस्टीनचे म्हणणे असे की, उपदेशकाला क्षुद्र विषयच नसतो. तहानेल्याला दिलेला गार पाण्याचा पेलाही त्याच्या दृष्टीने मोठा. तेव्हा शैली ठरावयाची ती विषयावरून नव्हे, तर त्या घटकेच्या हेतूवरून. समजावयाचे असेल तेथे साधेपणा. समजूनही मनुष्य करण्यास धजत नसेल तेथे उदात्तता. या एका बदलाने वक्तृत्वाचे केंद्र वक्त्याकडून श्रोत्याकडे सरकले.

पूर्वतयारीविषयीचे त्याचे सर्वांत मार्मिक निरीक्षण याच जागी येते. खाजगी संभाषणात न कळलेले विचारता येते. मंदिरात शेकडो लोक एकाच्या तोंडाकडे पाहत गप्प असतात. म्हणून त्या मौनाची काळजी वक्त्यानेच वाहावयाची. समुदायाला अर्थ उमगला की त्याच्या हालचालीवरून ते दिसते. तोवर तीच गोष्ट नाना परींनी फिरवून सांगावी, आणि उमगताच पुढे जावे. शब्दन् शब्द पाठ करून आलेल्याला हे साधत नाही, असे तो स्पष्ट सांगतो. पाठांतर हा येथे तयारीचा अतिरेक ठरत नाही, तयारीतील उणीव ठरतो. कारण त्यात श्रोत्याला जागाच ठेवलेली नसते.

याचा पडताळा त्याच्याच एका प्रवचनात मिळतो. एकदा त्याने एक लहानसे स्तोत्र योजून ठेवले होते. वाचकाने गोंधळून भलतेच वाचले. ऑगस्टीनने आपली योजना बाजूस सारली आणि वाचले गेले त्याच दीर्घ स्तोत्रावर विवेचन केले. यावरून आयत्या वेळी सुचेल ते बोलावे असा निष्कर्ष काढणे म्हणजे आळसाला तत्त्वज्ञानाचे वस्त्र चढविणे होय. तो प्रसंग निभावला तो अनेक वर्षांच्या शास्त्रव्यासंगावर. टिपण बदलले, व्यासंग जागचा हलला नाही.

त्याच प्रवचनात भाषेचाही प्रश्न उभा राहतो. लॅटिनमध्ये 'ओस्' हा शब्द दीर्घ स्वराने मुख आणि ऱ्हस्व स्वराने हाड असे दोन अर्थ देतो. आफ्रिकेतील श्रोत्यांच्या कानांना हा ऱ्हस्वदीर्घभेद कळत नसे. म्हणून हाडासाठी 'ओस्सुम' हे अशिष्ट गणलेले रूप त्याने पत्करले. वैयाकरणांनी नावे ठेवली तरी चालेल, पण लोकांना कळले पाहिजे, अशी त्याची भूमिका होती. अलंकारशास्त्राच्या माजी शिक्षकाने हे करावे यात मोठा त्याग आहे.

परिणामाची कसोटीही तो कठोर लावतो. मॉरिटानियातील सीझरिया नगरात दरवर्षी ठराविक दिवसांत नागरिकांचे दोन तट पडून दगडफेक चाले. बाप-लेक, भाऊ-भाऊ एकमेकांवर धोंडे उचलीत. ऑगस्टीन तेथे बोलला. लोकांनी वाहवा केली तेव्हा त्यांना कळले आणि आवडले एवढेच त्याने मानले. डोळ्यांत अश्रू दिसले तेव्हाच मने हलली असे त्याला वाटले. आणि खरा पुरावा अश्रूंच्याही पलीकडचा : त्यानंतर आठ वा अधिक वर्षे ती दगडफेक झाली नाही, असे तो नमूद करतो.

त्याच्या विवेचनात एक ताण उरतोच. ज्याला स्वतः रचता येत नाही त्याने दुसऱ्याचा उत्तम उपदेश पाठ करून सांगावा, अशी मुभा तो शेवटी देतो. पाठांतराला आधी घेतलेल्या आक्षेपाशी ही मुभा पुरती जुळत नाही. मात्र उपदेशकाचे आचरण त्याच्या शैलीहून अधिक वजनदार असते हा विचार त्याच संदर्भात येतो, त्यामुळे ती समजण्यासारखी होते : शब्द उसने घेता येतात, आचरण येत नाही.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने हा धडा आपल्या वाटेने गिरविलेला आहे. १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या 'क्रिस्तपुराणा'त फादर थॉमस स्टीफन्स यांनी जुन्या कवींची दुर्बोध वचने टाळून सोपे शब्द मिसळले, ते श्रोत्याला कळावे म्हणूनच. आणि त्यासाठी ओवी स्वीकारली. पुढे नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन यांना ख्रिस्ती आशयाचे वाहन केले. दोघांनीही अर्थ मांडण्यापूर्वी कान ओळखला. याउलट, इंग्रजी भाष्यावरून बेतलेला आणि वाक्यावाक्यात भाषांतराचा वास येणारा उपदेश कितीही अभ्यासपूर्ण असला, तरी त्याची तयारी अर्ध्यावरच राहिलेली असते. वचन समजले, पण ज्यांना सांगावयाचे त्यांची भाषा समजली नाही, अशी ती अवस्था. ऑगस्टीनच्या मापाने ती अवस्था मौनापेक्षा फारशी निराळी नव्हे.