अर्पणपत्रिकेतले यादवी युद्ध

जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’वर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्यातील अवतारकथांची उलटतपासणी, बळीराजा, जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद, हे सारे चर्चेत असते. अर्पणपत्रिका मात्र उपचार समजून आपण पान उलटतो. मीही अनेक वर्षे तेच केले. १८७३ साली निघालेले हे पुस्तक फुल्यांनी अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले आहे. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जे सोसले त्याबद्दलचा आदर त्यात आहे, तसेच आपल्या देशबांधवांनी त्यांच्यापासून धडा घ्यावा ही इच्छाही आहे.

मला या पानाकडे परत पाहायला लावले ते एका वाचकमंडळातल्या तरुणाने. त्याने विचारले, ‘अमेरिकेतली दक्षिणेची राज्ये स्वराज्यासाठीच लढली ना? मग फुले त्यांच्या विरुद्ध बाजूला कसे?’ मला तेव्हा धड उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

ते युद्ध आपल्याकडे प्रथम आले ते कापसाच्या रूपाने. मी माजिवड्याचा. आमच्या ठाण्यापर्यंत आगगाडी १८५३ साली आली, कल्याणपर्यंत १८५४ साली. १८६१ मध्ये अमेरिकेत युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्या इकडच्या कापसाकडे वळल्या. खानदेश-वऱ्हाडचा कापूस याच वाटेने मुंबईच्या बंदरात जाऊ लागला. मुंबईत पैसा मावेना, तेव्हा बॅकबेच्या भरावाच्या शेअरांवर सट्टा सुरू झाला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, भाव कोसळले आणि पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर ही त्याच तेजीच्या काळाची खूण. दुसरी खूण कमी देखणी आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. तेजीत सहज मिळालेले कर्ज, नंतर पडलेले भाव आणि वाढलेला शेतसारा यांची सांगड तेव्हाच्या चौकशी आयोगानेही घातली. त्यात कापसाचा वाटा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे.

मुंबईच्या व्यापाऱ्याला ते युद्ध म्हणजे कापसाचा भाव होता. फुल्यांना त्यात माणसांची सुटका दिसली. हे वाचन बरोबर होते काय?

दक्षिणेचीच कागदपत्रे उघडली की शंका राहत नाही. संघातून बाहेर पडताना मिसिसिपीने आपली बाजू गुलामीच्या संस्थेशी एकरूप असल्याचे जाहीरनाम्यात सांगितले. दक्षिण कॅरोलिनाची मोठी तक्रार तर अशी, की पळालेले गुलाम उत्तरेची राज्ये परत करीत नाहीत. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी स्वतःचे कायदे केले, हीच तिची तक्रार! बंडखोर राज्यांच्या संयुक्त घटनेने तर गुलामांवरील मालकीला बाधा आणणारा कायदा करायला बंदी घातली. राज्यांचा अधिकार हे तत्त्व असते, तर ते गुलामांपाशी येऊन असे थांबले नसते.

आणि राज्य कोणाचे? १८६० साली मिसिसिपी आणि दक्षिण कॅरोलिना या दोन्ही राज्यांत निम्म्याहून अधिक लोक गुलाम होते. स्वराज्यातल्या ‘स्व’मध्ये ते धरलेले नव्हते. फुल्यांचा आक्षेप नेमका इथे लागू पडतो. आयुष्याच्या अखेरीस ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिताना त्यांनी राष्ट्राबद्दल हाच प्रश्न विचारला: शूद्रातिशूद्र, भिल्ल, कोळी यांच्यासह सारे एकमय झाले नाहीत, तर ‘नेशन’ कोणाला म्हणायचे? त्या तरुणाला माझे उत्तर हे, की फुले स्वराज्याच्या विरुद्ध नव्हते. कोणाला तरी वगळून केलेल्या ‘स्व’च्या विरुद्ध होते.

तरीही अर्पणपत्रिका अपुरी आहे, हे सांगायला हवे. तिच्यात मुक्ती देणारे दिसतात, मिळवणारे दिसत नाहीत. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० काळे सैनिक लढले, त्यांतले पुष्कळ कालचे गुलाम होते. युद्धाच्या आरंभी लिंकनचे उद्दिष्ट संघराज्य टिकवणे एवढेच होते. मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा, आणि तोही फक्त बंडखोर मुलखापुरता. शिवाय ‘गुलामगिरी’त ज्या इंग्रजांचे आभार मानले आहेत, त्यांच्या गिरण्या युद्धापूर्वी गुलामांनी वेचलेल्या कापसावरच चालत होत्या.

पुढचा इतिहास त्याहून कडू आहे. १८७७ मध्ये दक्षिणेतले उरलेसुरले संघीय संरक्षण संपले. खंडाने जमीन, न फिटणारे कर्ज आणि भाड्याने दिलेले कैदी या वाटांनी जुने दास्य परतले. नोव्हेंबर १८९० मध्ये मिसिसिपीने नवी घटना स्वीकारली. मतदानासाठी कर आणि वाचनाची परीक्षा लावून काळ्यांना मतदानापासून दूर केले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला फुले वारले. ज्यांनी विद्येला मुक्तीची वाट मानले, त्यांच्या अखेरच्या महिन्यात तिकडे अक्षरज्ञान हाच दाराचा अडसर झाला होता.

मग अर्पणपत्रिका भाबडी ठरते काय? मला तसे वाटत नाही, कारण पुस्तकाचे पूर्ण नाव ‘ब्राह्मणी धर्माच्या आडपडद्यात गुलामगिरी’ असे आहे. अर्पणपत्रिका युद्धाच्या शेवटापाशी थांबते, शीर्षक मात्र पुढचे सांगून जाते. गुलामी कायद्याने हटली तरी पडद्याआड राहू शकते. कधी धर्माच्या, कधी कर्जाच्या.

यासाठी मिसिसिपीला जायची गरज नाही. हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. तरीही आमच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात, लग्नासाठी कर्ज काढणारा वारली बायकोसकट जमीनदाराच्या घरी राबत राही. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. ही प्रथा मोडायला १९४५ चा वारल्यांचा उठाव व्हावा लागला. गोदावरी परुळेकरांनी त्याची हकिगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये लिहिली आहे. कायदा आणि उठाव यांच्यात १०२ वर्षे गेली. ‘गुलामगिरी’ पुन्हा हाती घेणाऱ्याने आधी अर्पणपत्रिका वाचावी, मग मुखपृष्ठाकडे परतून ‘आडपडद्यात’ या एका शब्दापाशी थांबावे.