मोतद्दाराचे गाणे

त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यातून निसटला तो १२ सप्टेंबर १८१६ या दिवशी. आदल्या वर्षी पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला, त्याबद्दल इंग्रजांनी त्याला बाजीरावाकडून मागून घेतले होते आणि पहाऱ्यावर झाडून सारे गोरे शिपाई नेमले होते. देशी शिपाई फितेल, गोरा फितणार नाही, असा हिशेब. हिशेब बरोबर होता, गोरा कोणी फितला नाही. त्यांना मराठी येत नव्हते, एवढेच. किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याच्या घोड्याचा मराठा मोतद्दार कैद्याच्या खिडकीखालून घोडा फिरवत जा-ये करी आणि सहज गुणगुणल्यासारखे गाणे म्हणे. बाहेरची सगळी तयारी त्या गाण्यातून आत पोचली.

ग्रँट डफने १८२६ सालच्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकिकत दिली आहे. मोतद्दाराचे नाव त्यात नाही, गाण्याचे शब्दही नाहीत. शब्द मिळतात ते बिशप रेजिनल्ड हेबरच्या प्रवासवर्णनात. हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १८२८ मध्ये निघाले. हेबरने १८२४ साली चुनारच्या किल्ल्यात कैदेतला त्रिंबकजी पाहिला होता. तो स्वतः स्तोत्रे रचणारा कवी, त्यामुळे गाणे त्याच्या हाती आले तेव्हा त्याचे बॅलड झाले: आठ ओळी, नेमके यमक, झुडपाआड दडलेले तिरंदाज, झाडाखाली घोडा, आणि जंगलातल्या वाटांनी सोबत येणारा कोणी ‘नाइट’. मराठी हेराचे एक गाणे आपल्याला असे इंग्रजी चर्चमधून फिरून आलेले वाचावे लागते.

भाषांतर करणाऱ्याची पहिली शंका तिरंदाजांवर जाते. १८१६ साली, बंदुकांच्या काळात तिरंदाज कुठले? हे तर रॉबिन हूडच्या गोष्टीतून आलेले दिसतात. ‘नाइट’ तिथूनच आला आहे यात वाद नाही. त्या जागी मुळात ‘स्वार’ असणार. पण सुटल्यावर त्रिंबकजी गेला तो नाशिक-संगमनेरकडच्या डोंगरांत, भिल्ल आणि रामोशांमध्ये. भिल्लाच्या हातात धनुष्य असणे यात नवल काहीच नाही. सर्वांत उसना वाटणारा शब्द अशा रीतीने कदाचित सर्वांत अस्सल निघतो. दुसरी अस्सल गोष्ट म्हणजे आकडे. गाण्यात घोडे पंचावन्न आहेत आणि माणसे चौपन्न. पंचावन्नावा स्वार झाला की दख्खनचे दिवस पालटतील, अशा अर्थाने गाणे संपते. निरोप एवढाच आहे: आम्ही इतके जण आहोत, अमुक आडोशाला आहोत, एक घोडा तुझ्यासाठी मोकळा ठेवला आहे. यमक हेबरचे, वृत्त हेबरचे, पण ही वजाबाकी कुठल्याही भाषेत नेली तरी बिघडत नाही. निरोप पाठवणाऱ्याला असाच मजकूर लागतो.

१८१७-१८च्या युद्धावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. ना. सं. इनामदारांनी ‘झेप’मध्ये त्रिंबकजीला आणि ‘मंत्रावेगळा’मध्ये दुसऱ्या बाजीरावाला इंग्रजी कागदांतल्या बदनामीतून बाहेर काढले, ते काम मोठेच होते. पण इनामदारांचा रोख धन्यांवर आहे. बातमी आणणाऱ्या, नेणाऱ्या, विकणाऱ्या आणि कधीकधी दोन्हीकडे विकणाऱ्या माणसांची चरित्रे म्हणावी अशी पुस्तके मराठीत विरळा. बहिर्जी नाईक आणि बाळाजीपंत नातू अशी दोन टोके आपण ठोकून ठेवली आहेत. एकाचे वेषांतर गाजते, दुसऱ्याची फितुरी. बहिर्जीविषयी सभासदाच्या बखरीत सुरतेच्या प्रसंगी जेमतेम उल्लेख येतो. बाकीचा डोलारा नंतरच्या कादंबरीकारांनी आणि नाटककारांनी उभा केला. नातूचे उलटे. त्याच्याविषयी कागद भरपूर आहेत, पण वाचायचे कारण कोणाला वाटत नाही, कारण निकाल आधीच लागलेला आहे.

वास्तविक या धंद्याला मराठीत शब्दांचा तोटा कधीच नव्हता. हेर, जासूद, हरकारा, नजरबाज, बातमीदार, खबऱ्या. ‘हरकारा’ म्हणजे फारसीत अक्षरशः हरएक काम करणारा. ‘बातमीदार’ हा तर आज वर्तमानपत्राच्या कचेरीत मानाने बसतो, आणि त्याच्या पदाला जुन्या काळी कुठला वास होता हे कोणाला आठवतही नाही. पूर्वीच्या दरबारात वकीलही असाच: तो धन्याची बाजू मांडी, आणि दर चार दिवसांनी तिथली खडानखडा बातमी लिहून पाठवी. ती त्याची नोकरीच होती, आणि समोरच्यालाही ते ठाऊक असे. एवढ्या छटा हाताशी असताना १८१८ नंतर आपण जवळजवळ एकाच शब्दावर भागवत आलो, तो म्हणजे फितूर. अरबीत ‘फुतूर’ म्हणजे शैथिल्य, ढिलाई. मराठीत येईपर्यंत त्या ढिलाईचा गुन्हा झाला.

या शब्दात न बसणारा माणूस म्हणून खुर्शेदजी मोदीकडे पाहावे. पुण्याच्या रेसिडेन्सीत तो देशी कारभारी होता. कर्नल क्लोज रेसिडेंट असताना बाजीराव आणि इंग्रज यांच्यातले बोलणे बरेचसे त्याच्या तोंडून होई. हळूहळू बाजीरावाचीही मर्जी बसली आणि त्याने मोदीला कर्नाटकाची सरसुभेदारी दिली. एका माणसाच्या हातात दोन सनदा आल्या. यात लपवाछपवी फारशी नव्हती. जुन्या रिवाजात असे चाले. एल्फिन्स्टन आला आणि त्याने मोदीला दोन्हींतले एक निवडायला सांगितले. नव्या राज्यकर्त्यांना निष्ठा नोकरीच्या करारासारखी एकेरी हवी होती. मोदीने इंग्रजांची नोकरी धरली, पण दरबारातले वजन काही सोडवेना. त्याच्याविरुद्ध तक्रारी झाल्या, त्याने पुणे सोडून गुजरातेत जायचे ठरले, आणि निघण्याच्या सुमारास १८१५ साली तो विषाने मेला. ते त्याने स्वतः घेतले की कोणी घातले यावर तेव्हापासून दोन पक्ष आहेत. पण चरित्रकाराने मोदीच्या मृत्यूपेक्षा त्या निवडीपाशी जास्त थांबायला हवे. त्या एका मागणीने आदल्या दिवशीपर्यंतचा मध्यस्थ दुहेरी हेर ठरला. त्याने केलेले काम तेच राहिले, बदलली ती त्याला मोजणारी फूटपट्टी.

बाळाजीपंत नातू या फूटपट्टीत मोदीहून नीट बसला. लढाई जवळ आली तेव्हा बाजीरावाच्या गोटातल्या बातम्या एल्फिन्स्टनला मिळत होत्या. यशवंतराव घोरपड्याला बाजीरावाने विश्वासात घेतले तर त्याने जाऊन रेसिडेंटालाच सांगितले. नातू या बातम्यांच्या व्यवस्थेतला मुख्य माणूस. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. त्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जळली आणि तिच्यात एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रहही गेला. १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढले. ते चढवणारा म्हणून नातूचे नाव मराठी मनात कायमचे रुतले. ग्रँट डफने नातूच्या निष्ठेची वाखाणणी केली आहे. हे वाक्य मराठीत आणताना ‘निष्ठा’ हा शब्द लिहावा तर वाचक चमकतो, आणि न लिहावा तर भाषांतर खोटे पडते. मी ‘निष्ठा’च ठेवीन. वाचकाने चमकावे, त्याशिवाय हे कोणाच्या बाजूचे वाक्य आहे ते त्याच्या ध्यानात येणार नाही.

मराठीत नातूवर सर्वांत कडक लिहिले ते प्रबोधनकार ठाकऱ्यांनी. ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ हे पुस्तक मुळात साताऱ्याचे आहे. १८३९ साली प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवले, आणि त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले ते चौदा वर्षे तिथेच राहिले. साताऱ्याच्या त्या कारस्थानातही नातू होता. प्रबोधनकारांची लेखणी फिर्यादीची आहे आणि फिर्याद म्हणून ती जबरदस्त आहे. रंगो बापूजींसारख्या माणसाला मराठी स्मृतीत जागा मिळाली ती या पुस्तकामुळे. पण फिर्यादीला आरोपीचे बालपण, त्याचा पगार, त्याची भीती यांच्याशी कर्तव्य नसते. प्रबोधनकारांचा नातू ही एक जात, एक वृत्ती, एक काळाकुट्ट ठिपका आहे. त्यांच्या वादाला तो तसाच हवा होता. अडचण एवढीच की नंतरच्यांनी त्या फिर्यादीलाच चरित्र मानले. १८९७ साली रँडच्या खुनानंतर पुण्याच्या सरदार नातू बंधूंना, म्हणजे इंग्रजांच्या मेहेरबानीवर वाढलेल्या त्याच नातू घराण्यातल्यांना, इंग्रजांनीच १८२७च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली विनाचौकशी डांबून ठेवले. कुठल्याही कादंबरीकाराला सुचणार नाही असा हा दुवा आहे, आणि त्याच्यापाशी कोणी फारसे रेंगाळत नाही.

इंग्रजीत दुहेरी हेरांची चरित्रे हा मोठा हसराखेळता बाजार आहे. बेन मॅकिन्टायरची ‘एजंट झिगझॅग’ किंवा ‘डबल क्रॉस’ ही पुस्तके वाचताना आपणही त्या लबाडांच्या प्रेमात पडतो. ती मजा लेखकाच्या हातोटीत आहे, तितकीच ती जिंकलेल्या बाजूच्या उघड्या झालेल्या दप्तरांत आहे. दुसऱ्या महायुद्धातला भगतराम तलवार पाहा. १९४१ साली सुभाषबाबूंना पेशावरहून काबूलला पोचवणारा हा माणूस पुढे इटालियन, जर्मन, रशियन आणि इंग्रज अशा सगळ्यांच्या यादीत होता. इंग्रजांनी त्याला ‘सिल्व्हर’ नाव दिले होते. १९७६ मध्ये त्याच्या आठवणी छापल्या गेल्या, त्यांत इंग्रजांसाठी केलेल्या कामाला जागा नाही. तो भाग पुढे इंग्रजी दप्तरांतून आला. हेर स्वतःचे चरित्र लिहितो तेव्हा नेमका धंदाच वगळतो, आणि दप्तर लिहिते तेव्हा धंद्याशिवाय काही उरत नाही. या दोन अर्धवट गोष्टी शेजारीशेजारी ठेवणारे पुस्तक मराठीत पेशवाईअखेरीवर होण्यासारखे आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले रुमाल आहेत, रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार यदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली खंडांनी छापला गेला. दोन्हीकडे बसू शकणारा वाचक तेवढा हवा.

पुण्याबाहेर या युद्धाचा दुसरा अर्धा भाग नागपूरकर भोसल्यांच्या मुलुखात घडला. मी राहतो ते भिलाईतले सुपेला त्याच मुलुखात येते. सीताबर्डीच्या लढाईनंतर पकडलेला आप्पासाहेब भोसला मे १८१८ मध्ये वाटेतच पळाला: पहाऱ्यावरचे शिपाई वळवले होते, त्याने शिपायाचा पोशाख चढवला आणि बिछान्यावर उशी पांघरून ठेवली. इथेही मोतद्दारासारखीच बिननावाची माणसे. त्याच साली मेजर ॲग्न्यू छत्तीसगडचा सुपरिंटेंडेंट झाला, कारभार रतनपूरहून रायपूरला आला, आणि १८२० मध्ये त्याने या सुभ्यावर सविस्तर अहवाल लिहिला. तो ज्यांनी सांगितला ते पाटील, कारकून, गोंड जमीनदार. त्यांना कोणी हेर म्हणत नाही.

आजच्या छत्तीसगडात मात्र त्या जागेवर एक शब्द येऊन बसला आहे: मुखबिर. हिंदी अखबारांत तो वरचेवर असतो. ‘अखबार’ आणि ‘मुखबिर’ दोन्ही ‘खबर’ याच धातूतून आलेले. बस्तरमध्ये माओवाद्यांनी पोलिसांचा मुखबिर ठरवून मारलेल्या गावकऱ्यांच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो. दुसऱ्या बाजूने, सलवा जुडूमच्या काळात सरकारने आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून भरती केले. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने ती व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. त्या खटल्यात या पोरांची कामे म्हणून जी सांगितली गेली त्यांत वाटाडे, माणसे ओळखून दाखवणारे, माहिती आणणारे यांच्या रांगेत दुभाषेही होते. माझाच धंदा त्या यादीत पाहून मी तो परिच्छेद दोनदा वाचला. गोंडी किंवा हलबी येते आणि हिंदीही येते, एवढ्यावर एखादे पोर दोन बंदुकांच्या मध्ये उभे राहते.

अखबारातली अशी बातमी बहुधा चार-पाच ओळींची असते. गाव, वय, रात्रीची वेळ, आणि तो शब्द. त्याने कोणाला काय सांगितले होते, कुठल्या भाषेत, कशाच्या बदल्यात, की सांगितलेच नव्हते, यातले काही तिच्यात नसते. दुसऱ्या दिवशी खालच्या कॉलमात पोलिसांचे निवेदन येते, मरणारा मुखबिर नव्हता असे सांगणारे, आणि ते वाचून गावातले कोणी निर्धास्त होत नाही.